कर्जतला गेलेला ब्रूनो

भिंगरीने सोफ्याची तिसरी गादी फाडली त्या दिवशी स्नेहलने ठरवून टाकलं, आता हिला सोबत आणायचीच.

भिंगरी उलव्याच्या एका अर्धवट इमारतीखाली, वाळूच्या ढिगाआड सापडलेली कुत्री. स्नेहलचा नवरा भावेश तिथे साइट सुपरवायझर होता. एका संध्याकाळी जेवणाच्या पिशवीत घालून त्याने ते पिल्लू घरी आणलं, आणि वर्षभरात त्याची अशी उंच, सडपातळ, एक क्षण बूड न टेकणारी कुत्री झाली. सकाळी सासरे बळीराम तिला वडाळे तळ्याला फेरी मारून आणत, संध्याकाळी शाळेत शिकवून आल्यावर स्नेहल नेई. तरी दुपारभर एकटी राहिली की ती घर डोक्यावर घ्यायची. डॉक्टर म्हणाले, "दुसरं कुत्रं आणा. पण पिल्लू नको. जरा वयाचं, शांत, हिला दटावणारं बघा."

नेऱ्याच्या रस्त्याला नावेद नावाच्या तरुणाने वडिलांच्या वाडीत टाकून दिलेल्या कुत्र्यांसाठी शेड उभारली होती. रविवारी स्नेहल, बळीराम आणि भिंगरी रिक्षा करून तिथे गेले.

नावेदने आधी एक तरणाबांड काळा कुत्रा दाखवला. त्याची आणि भिंगरीची गट्टी क्षणात जमली. दोघांनी वाडीला अशा गिरक्या घातल्या की पाण्याचा टब उलटा झाला आणि वाळत घातलेल्या चादरी चिखलात गेल्या.

"या दोघांना एकत्र ठेवलं त आपल्यालाच भायेर झोपावं लागंल," बळीराम म्हणाले.

दुसरी एक तांबूस कुत्री होती. ती भिंगरीला बघूनच हातगाडीखाली शिरली आणि बाहेर येईना. स्नेहलला तिची दया आली, पण भीतीने थरथरणाऱ्या जिवाला भिंगरीच्या तावडीत देणं तिला पटेना.

तेवढ्यात भिंगरी साखळीला हिसडा देऊन सुटली आणि चिकूच्या झाडाखाली झोपलेल्या एका म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरवर जाऊन आदळली. तो उठलासुद्धा नाही. त्याने घशातल्या घशात एकदाच गुरगुर केली. भिंगरी थबकली. मग पुढचे पाय पसरून तिने पुन्हा खेळायला डिवचलं, तेव्हा त्याने आपला जाडजूड पंजा तिच्या मानेवर ठेवला आणि तसाच राहू दिला. थोड्या वेळाने भिंगरी त्याच्या शेजारी चक्क आडवी झाली.

"हा," नावेद हसून म्हणाला. "माशाल्ला, सगळ्यांना असाच सरळ करतो."

स्नेहल कौतुकाने जवळ गेली आणि तिचं लक्ष त्याच्या कानाकडे गेलं. डाव्या कानाचं टोक फाटलेलं होतं. छातीवर पांढरा ठिपका. ती खाली बसली.

"ब्रूनो?"

म्हाताऱ्याने मान वर केली. शेपटी जमिनीवर आपटू लागली.

ब्रूनो त्यांच्याच इमारतीतला, तळमजल्यावरच्या चारुदत्तकाकांचा. बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीचे चेअरमन. ब्रूनोच्या वाढदिवसाला त्यांनी सगळ्या इमारतीला केक वाटलेला. दिवाळीच्या सुमारास ब्रूनो दिसेना तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं, त्याला कर्जतला चुलतभावाच्या फार्महाऊसवर पाठवलं, म्हातारपणी मोकळी हवा मिळेल. सगळ्यांना वाटलं, किती विचार करणारा माणूस.

"हा तुला कुठे मिळाला?" स्नेहलने नावेदला विचारलं.

"पळस्प्याच्या पुढे. हायवेच्या कडेला झाडाला बांधून ठेवलेला. साधी नायलॉनची दोरी, ती गळ्यात रुतलेली. अंगभर खरूज. दिवाळीच्या आधीची गोष्ट, मॅडम. कोणी बांधला, खुदा जाने. गळ्यातला पट्टा काढून नेला होता."

स्नेहलच्या अंगाचा भडका उडाला. तिला आशालताकाकू आठवल्या, चारुदत्तकाकांच्या बायको. दिवाळीच्या आधी त्या मुलीच्या बाळंतपणासाठी नाशिकला होत्या. परतल्या तर ब्रूनो कर्जतला गेलेला. तेव्हापासून काका कर्जतला निघाले की काकू तूप लावलेल्या पोळ्या कुस्करून, अंडी उकडून डबा भरायच्या. "माझ्या हातचं खाल्लं की त्याला बरं वाटेल गं," असं त्यांनी जिन्यात स्नेहलला सांगितलं होतं. ते डबे कोण खात होतं?

"याला पुढच्या रविवारी न्यायला येतो," ती नावेदला म्हणाली आणि तिघं रिक्षाने घरी परतली.

चारुदत्तकाका फाटकाशी उभे राहून कुणाची तरी मोटरसायकल कशी आडवी लावली आहे ते वॉचमनला दाखवत होते. बळीराम भिंगरीला घेऊन वर गेले. स्नेहल थांबली.

"काका, ब्रूनो कसा आहे?"

"अगं मजेत. आता परवा जाऊन आलो. तिथल्या तळ्यात डुंबतो, गड्यांच्या मागे हिंडतो. वजनसुद्धा वाढलंय."

इतकं सहज, इतकं रंगवून. स्नेहलला क्षणभर वाटलं आपलंच चुकलं असेल.

"मी त्याला आज बघितलं. नेऱ्याच्या रस्त्याला, नावेदच्या शेडमध्ये."

काकांनी आधी आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं, मग वॉचमनला लांब पाठवलं.

"हळू बोल."

"हळू का बोलू?"

"तुला काही माहीत नाही. मुलाचं लग्न ठरत होतं, मुलीकडचे घर बघायला यायचे होते. याच्या अंगाला घाण वास. औषधं चालू होती, गुण येत नव्हता. काय करणार होतो मी?" मग जरा सावरून ते म्हणाले, "आणि मी त्याला मारून तर टाकलं नाही ना. रहदारीच्या रस्त्यावर बांधला. म्हटलं, कुणीतरी बघेल. बघितलंच की."

"आणि काकूंचे डबे?"

काका चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "आशालता हळवी आहे. तिला हे सोसणार नाही. तिच्यासाठी म्हणून तोंड बंद ठेव. आणि एक, तुम्ही दुसरं कुत्रं आणताय म्हणे. एका घरात दोन कुत्री म्हटल्यावर सोसायटीत प्रश्न निघू शकतो. मी सांभाळून घेईन, पण तूही समजून घे."

स्नेहल तडक जिना चढली. दगाफटका केला तो केला, वर बायकोच्या हळवेपणाची ढाल पुढे केली, आणि शेवटी स्नेहललाच धमकी. तिने सगळं बळीरामांना सांगितलं. गव्हाण गावी बैल, म्हशी, कोंबड्यांत आयुष्य गेलेल्या त्या म्हाताऱ्याने ऐकताना एक सणसणीत शिवी हासडली.

"मी ब्रूनोलाच आणणार," स्नेहल म्हणाली.

"आन. पन कशाला आनतेस? भिंगरीला सोबत म्हनून, का खालच्याला तोंड दाखवायला जागा ठेवायची नाय म्हनून?"

"दोन्हीसाठी आणलं तर काय बिघडलं?"

"बिघडतं. तुजा राग दोन महिन्यांत थंड होईल. मंग त्या म्हाताऱ्याला कोन बघनार? तो कुत्रा हाय, साक्षीदार नाय."

तिला सासऱ्यांचाही राग आला. पण आठवडाभर पोळ्या लाटताना, वह्या तपासताना ती त्यांचाच प्रश्न उलटसुलट करत राहिली. चारुदत्तकाका या इमारतीत राहतच नसते तर? तिच्या डोळ्यांपुढे चिकूखाली आडवी पडलेली भिंगरी आली. दिवसाउजेडी ती शांत पडलेली घरात कुणी पाहिली नव्हती. भिंगरीचं ज्याच्याशी जमतं तो हाच, मग तो कुणाचाही असो. आणि राग थंड झालाच, तरी औषधं द्यायला आपण आहोतच, हे तिने स्वतःला बजावून सांगितलं. रविवारी नावेदकडे गेल्यावर भिंगरी काळ्या कुत्र्याकडे न बघता थेट ब्रूनोकडे धावली, तेव्हा बळीरामांनीही मान हलवली.

ब्रूनोला टेम्पोतून आणलं. स्नेहलचं घर पहिल्या मजल्यावर, त्यामुळे तळमजल्यावर न थांबता त्याला जिन्याकडे झटकन न्यायचं असं ठरलं होतं. पण फाटकातून आत येताच ब्रूनोने नाक वर केलं आणि वाडीपासून पहिल्यांदाच साखळी ताणली. तो लंगडत तळमजल्याच्या दाराशी गेला आणि पंजाने दार खरवडू लागला. स्नेहलला त्याला ओढता आलं असतं. तिने ओढलं नाही.

दार आशालताकाकूंनी उघडलं. हाताला कणीक तशीच. त्या खाली वाकल्या आणि दारातच बसल्या. ब्रूनो त्यांच्या पदरात तोंड खुपसून बारीक आवाजात कण्हत होता.

"कर्जतहून आणलास याला?" त्यांनी विचारलं. "कसला वाळलाय गं."

पाठीमागून काका आले. "भावाने देऊन टाकला असेल कुणाला तरी," ते घाईघाईने म्हणाले. "मी विचारतो त्याला."

तेव्हाही खोटंच. स्नेहल काही बोलणार तोच काकूंचा हात ब्रूनोच्या मानेवर थांबला. तिथे केस नव्हते, दोरीचा वळ गोल फिरला होता.

"स्नेहल, तू सांग."

स्नेहलने सांगितलं. हायवे, झाड, दोरी, काढून नेलेला पट्टा. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.

"आशा, आत चल," काका म्हणाले. "वरचे लोक ऐकतायत."

काकू उठल्या नाहीत. नवऱ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "डबे धुऊन आणत होतात तुम्ही. मी म्हणायचे, बघा, सगळं चाटून पुसून खाल्लं. आणि तुम्ही हो म्हणायचात."

काका आत निघून गेले.

काकूंनी ब्रूनोला परत मागितलं नाही. "कुठल्या तोंडाने मागू?" एवढंच म्हणाल्या आणि पदराने नाक पुसून त्याला स्वतः जिन्यापर्यंत घेऊन आल्या. बळीरामांनी पंच्याची झोळी करून त्याचा मागचा भाग उचलला आणि पायरी पायरी करत त्याला वर नेलं. तेव्हापासून दुपारी काकू वर येतात. भिंगरी आणि ब्रूनो फरशीवर पाठीला पाठ लावून झोपलेले असतात, काकू त्यांच्याजवळ बसून राहतात. घरी काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, स्नेहलनेही विचारलं नाही. दोन कुत्र्यांचा प्रश्न सोसायटीत कुणी काढला नाही.

पण चारुदत्तकाका चेअरमन आहेत ते आहेतच. इमारतीत सगळ्यांना सगळं कळलं, दोन दिवस कुजबुज झाली, आणि तिसऱ्या दिवशी लोक पुन्हा "नमस्कार काका" म्हणू लागले. स्नेहलच्या गळ्याखाली हे अजून उतरत नाही.

परवा संध्याकाळी ती दोघांना फिरवून आणत होती. काका फाटकाशी उभे होते. ब्रूनोने त्यांना पाहिलं आणि त्याची शेपटी जोरजोरात हलू लागली. लंगडत तो त्यांच्या पायाशी गेला, जुन्या सवयीने डोकं वर करून उभा राहिला. काकांचे डोळे भरून आले. त्यांनी हात पुढे केला.

स्नेहलला ब्रूनोचाही राग आला. तिने साखळी जवळ ओढली.

"हात लावू नका, काका," ती म्हणाली, आणि दोन्ही कुत्र्यांना घेऊन जिन्याकडे वळली.