हलका क्लच

मास्तरांनी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. "निम्म्या शहराला मी रस्त्यावर आणलंय," असं ते हसत सांगायचे. मग त्यांच्या डाव्या पायाच्या नसा हळूहळू निकामी व्हायला लागल्या. आधी तळव्याला मुंग्या, मग चप्पल पायातून निसटली तरी कळेना. शिकवणं सुटलं. घरात आपोआप गिअर बदलणारी, डाव्या पायाला काम नसलेली गाडी आली आणि मास्तर तिच्यात पाहुण्यासारखे अवघडून बसायला लागले.

एका सकाळी ते मेहुण्याच्या गॅरेजमध्ये आले. बायकोचा हा धाकटा भाऊ एकटाच गॅरेज सांभाळायचा.

"हिला हाताचा गिअर बसव. क्लचसकट."

"दाजी, खेळ वाटला का? गिअरबॉक्स बदला, पेडलांचा अख्खा सांगाडा बदला..."

"जमत नसेल तर सांग, दुसरीकडे नेतो."

"जमेल हो. पण तुमचा पाय..."

"पाय माझा आहे."

दुपारी ताईचा फोन आला. "करून दे बाबा. माझ्याशी बोलत नाहीत ते, निदान गाडीशी तरी बोलतील. फक्त पेडल हलकं ठेव."

त्याच मॉडेलची एक ठोकलेली गाडी भंगारात मिळाली. तिचा गिअरबॉक्स आणि पेडलं त्यानं काढून आणली. रुंद ब्रेक काढून त्या जागी ब्रेक आणि क्लच शेजारी शेजारी बसवले. अडलं ते सिलिंडरापाशी. क्लच दाबला की पेडलाजवळच्या सिलिंडरातलं ऑइल नळीतून गिअरबॉक्सकडे जातं आणि इंजिन चाकांपासून सुटतं. हा सिलिंडर जाड घेतला तर पेडल जड, पण थोडं दाबून भागतं. बारीक घेतला तर पेडल लोण्यासारखं, पण तळापर्यंत दाबावं लागतं. शिवाय जड पेडल पायाला उलटं ढकलत राहतं, आपण कुठे आहोत ते पायाला सांगतं. बधिर पायाला हलक्या पेडलाचा पत्ताच लागायचा नाही. हे सगळं त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं जाडच बसवला.

मास्तर बसले, दाबायला लागले. पेडल अर्ध्यावर गेलं आणि गुडघा थरथरायला लागला. कपाळावर घाम आला. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

"नवीन आहे ना, कडक असणारच," ते म्हणाले.

त्यांचा चेहरा मेहुण्याला बघवला नाही. "बसेल दोन दिवसांत," तो म्हणाला. मास्तर गेल्यावर त्यानं जाड सिलिंडर उतरवून बारीक चढवला आणि कोणाला काही सांगितलं नाही.

पुढच्या वेळी पेडल सरळ तळाला गेलं. मास्तरांनी पुन्हा पुन्हा दाबून बघितलं. "बघितलंस? जोर येतोय पायात!"

मेहुण्यानं फडक्याला हात पुसले. पुसत राहिला.

मास्तर बदलूनच गेले. शीळ घालायला लागले, ताईला रोज फिरवायला लागले. व्यायाम सोडला, पायाला बांधायचा पट्टा कपाटात टाकला. "डॉक्टरपेक्षा माझं पेडल खरं बोलतं," म्हणायचे. ताईनं हे कौतुकानं फोनवर सांगितलं. आता खरं सांगून टाकावं, असं मेहुण्याला वाटलं. पण ती हसत होती.

मग एका दुपारी ताई घराचं लोखंडी फाटक उघडायला गाडीतून उतरली. कडी अडकली होती. गाडी पहिल्या गिअरमध्ये, मास्तरांचा पाय क्लचवर. तो कधी घसरला हे त्यांना कळलंच नाही. गाडीनं उडी घेतली आणि ताई फाटक आणि बंपरच्या मध्ये सापडली. शेजाऱ्यांनी गाडी ढकलून तिला सोडवलं. कंबरेच्या हाडांचा चुरा झाला होता.

मेहुण्यानं गाडी ओढून आणून तपासली. ऑइल भरलेलं, सील कोरडं ठणठणीत, कुठे गळती नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मास्तरांनी त्याला गाठलं. "सिलिंडरनं दगा दिला ना? पाय मी दाबलेलाच होता."

होय म्हणावं, सगळं आपल्यावर घ्यावं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "या वेळी चांगला बसव. तुझ्या ताईला दवाखान्यात न्यायला-आणायला गाडी लागणार. मीच नेईन."

"सिलिंडर चांगला आहे, दाजी."

"मग?"

"पाय घसरला. पेडल मीच हलकं केलं होतं. तुमच्या पायात जोर आला नव्हता."

मास्तरांनी खाली आपल्या बुटाकडे बघितलं. चवडा उचलायचा प्रयत्न करत असावेत. बूट हलला नाही.

"तिला सांगितलंस?"

"नाही."

"मी सांगतो," म्हणाले आणि भिंतीला धरून आत गेले.

ताई घरी आली, पण पुन्हा उभी राहिली नाही. मास्तर तिचं सगळं करतात. मेहुण्याशी कामापुरतं बोलतात. त्याला शिव्या त्यांनी कधी दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटतं. दवाखान्यात जायचं असलं की तोच आपली गाडी घेऊन येतो. मागच्या सीटवर मास्तर ताईला सावरून बसतात आणि रस्त्याकडे बघत नाहीत. एकदा चढावर इंजिन गुदमरायला लागलं.

"गिअर उतरव," मागून मास्तर म्हणाले.

त्यानं उतरवला. गाडी चढ चढून गेली आणि मास्तरांनी पुन्हा रस्त्यावरून नजर काढून घेतली.