आठ प्रश्नांचं पान

माझ्या पीएच.डी.च्या प्रश्नावलीत चोवीस प्रश्न आहेत. पहिले सोळा सरपंचपदाचे: ग्रामसभा कोण बोलावतं, निर्णय कुणाचा, सही कुणाची. शेवटच्या पानावरचे आठ मनाचे. झोप उडते का, जेवण नकोसं होतं का, सगळं सोडून द्यावंसं वाटतं का. उत्तरं ठरलेली, त्यातल्या एकावर खूण करायची: कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, रोज. अशा एकशे वीस महिला सरपंच. कडूबाईंचा फॉर्म एकशे चारावा.

त्यांचं गाव पाचोडच्या पुढं. त्या सकाळी पुंडलिकनगरहून निघतानाच ओवीचं अंग कोमट लागत होतं. माझी चौदा महिन्यांची पोर. "दात येतायत गं, तू जा," सासूबाई म्हणाल्या. मी गेले, पण बसमध्ये सारखी फोन बघत होते.

ग्रामपंचायतीत टॉवेल टाकलेल्या मोठ्या खुर्चीत उपसरपंच बसले होते. कडूबाई बाजूला, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. उपसरपंचांसमोर काही विचारण्यात अर्थ नव्हता.

"मावशी, तुमच्या घरी बसू या का?"

"चला की. हितल्या खुर्च्या लई जड हायत," त्या म्हणाल्या, उपसरपंचांना ऐकू जाईल अशा बेतानं.

घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली पंधरा ऑगस्टचा फोटो. फोटोत झेंड्याची दोरी उपसरपंचांच्या हातात. कडूबाई मागं चौथ्या, कोऱ्या निळ्या साडीत. मी बघत राहिले हे त्यांच्या लक्षात आलं.

"साडी त्याच्यासाठीच घेतली व्हती," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

सोळा प्रश्न झाले तोवर त्यांचे मालक रामकिसनभाऊ शेजारीच बसून होते. निर्णय कोण घेतं, विचारलं तर तेच बोलले, "आमी दोघं."

"व्हय. हे घेतात, मी सही करते. झाले की दोघं!"

रामकिसनभाऊही हसले. मी पान उलटलं.

"ह्याच्यावर काय हाय, मॅडम?" कडूबाईंनी विचारलं.

"झोप उडते का, जीव घाबरा होतो का, असले प्रश्न आहेत."

कडूबाईंचं हसू थांबलं. त्या नवऱ्याकडं वळल्या. "अहो, मॅडमला चहा करायचाय. दूध आना."

"दूध हाय की घरात."

"नासलं ते. जा."

पातेलं मला दिसत होतं. दूध चांगलं होतं, वर जाड साय धरलेली. ते गेल्यावर कडूबाईंनी दाराला कडी घातली, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. "इचारा आता."

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंच्या मागं ओवी किंचाळून रडत होती. "ताप एकशे दोन झालाय गं!"

मी उभीच राहिले. कडूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या पानाकडं. उठून त्यांनीच कडी काढली.

"जा बाई. लेकराला ताप हाय. माझं काय, मी हितंच हाय."

ओवीचा ताप तीन दिवस राहिला. सोमवारी माझ्या गाईड सरांना सगळी माहिती हवी होती. रविवारी दुपारी, खांद्यावर झोपलेली ओवी आणि दुसऱ्या हातात पेन, अशी मी एकशे चारावा फॉर्म काढला. अर्धवट राहिलेल्या फॉर्मांचं आमच्या विभागात असंच करतात, 'पान पुरं करणं' म्हणतात त्याला. खुर्चीवरून टोमणा मारणारी बाई मला आठवली. आठही प्रश्नांना 'कधीच नाही'. एकाखाली एक आठ खुणा, सरळ रेषेत. दाराची कडी मला आठवली नाही असं नाही.

आठवड्याभरानं त्यांचाच फोन आला.

"मॅडम, तो कागद राह्यला व्हता ना? कवा येता?"

"नाही मावशी, झाला तो. भरला मी."



"भरला? बरं." मग म्हणाल्या, "लेकरू बरं हाय का?"

दोन महिन्यांनी त्यांच्या गावातल्या आशा कार्यकर्तीचा, मेघाचा फोन आला. कडूबाईंवर अविश्वास ठराव आणला. त्यांनी मतदानाआधीच राजीनामा दिला. तेव्हापासून जेवण सोडलंय, बोलणं सोडलंय. "घाटीच्या सरकारी दवाखान्यात आणलंय त्यांना. तुमी मनाचाच अभ्यास करता ना, मॅडम? बघा की जरा."

सरांना मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "काढून टाक तो फॉर्म. एकशे एकोणीस पुरेत." इतकं सोपं होतं ते.

मी कोरं पान घेऊन घाटीत गेले. कडूबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. मनगट एवढंसं झालं होतं. स्टुलावर रामकिसनभाऊ. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, चहा आणता का?" ते मुकाट उठले.

"मावशी, ते पान मी तुम्हाला न विचारता भरलं. खोटं भरलं. आज विचारते. कागद नको असेल तर बाजूला ठेवते."

 मग त्यांनी मान वळवली. आवाज बसलेला होता.

"काय लिवलं व्हतं?"

"कधीच नाही."

"समद्याला?"

"आठही."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. राग नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

"मंग ऱ्हाऊ द्या तसंच," त्या म्हणाल्या आणि पुन्हा भिंतीकडं वळल्या.

हातातला फोन थरथरायला लागला. घरचा. सकाळी ओवी जरा किरकिरत होती, मीच कपाळाला हात लावून निघाले होते. मी उचलला नाही. थांबला, पुन्हा सुरू झाला.

"घ्या," पाठमोऱ्या कडूबाई म्हणाल्या. "लेकराचं आसंल."

मी फोन बंद केला आणि पर्समध्ये टाकला. रामकिसनभाऊ तीन कप चहा घेऊन येईपर्यंत मी कडूबाईंच्या पाठीकडं बघत बसले.  पान माझ्या मांडीवर कोरंच होतं.