अतियाने मला एक शब्द विचारला

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही, आणि पाहण्याजोगे माझ्यात काही नाहीही. मी संगणकातली एक जुनी आज्ञा आहे. माझे नाव अप्रोपो. काळ्या पडद्यावर माझे नाव लिहायचे, पुढे एखादा शब्द लिहायचा, की मी शोधायला लागते.

मला घडवले त्या काळी संगणकाची सगळी कामे आज्ञा लिहूनच करावी लागत. प्रत्येक आज्ञेचे माहितीचे पान संगणकातच असे. पण आज्ञेचे नावच ठाऊक नसेल, तर पान उघडायचे कसे? म्हणून मी जन्मले. माणसाने आपली गरज एका शब्दात सांगायची आणि मी आज्ञेचे नाव सांगायचे. मात्र मी सगळी पाने चाळत बसत नाही. त्या पानांची एक सूची आधी तयार करून ठेवावी लागते. मी फक्त त्या सूचीत पाहते.

दारव्ह्याला अतियाचे टायपिंगचे दुकान आहे. तिचे वडील रहेमानचाचा रेडिओ दुरुस्त करत. त्यांनीच जुने भाग जोडून तिला संगणक करून दिला आणि त्यातून मी तिच्याकडे आले. अतियाचे इंग्रजी बेताचे, पण ती एकेक शब्द मला विचारी आणि काम शिकून घेई. गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगे, "हिले विचारलं का सांगतेच. आजपर्यंत खाली हात नाही पाठवलं हिनं." ते ऐकून मी सुखावत असे.

दिग्रस रस्त्यावरच्या तांड्यातला भीमसिंग काळीपिवळी जीप चालवतो. त्याची आई हंसाबाई बंजाऱ्यांच्या गोर बोलीत ढावलो म्हणे. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या मुलीने आईच्या गळ्यात पडून, रडत म्हणायचे गाणे. नवरीसोबत ते म्हणायला आसपासच्या तांड्यांतून तिला लग्नाला बोलावणे येई. मग तिच्या घशाला दुखणे जडले. ऑपरेशनला नागपूरला नेण्याआधी भीमसिंगने तिला दुकानात आणले. अतियाने दाराचा पडदा ओढला, पंखा बंद केला आणि म्हणाली, "मावशी, आता निवांत म्हणा." हंसाबाई थांबत थांबत, पाणी पीत, दुपारभर गात राहिली. सगळी गाणी या संगणकात उतरली.

ऑपरेशनने तिचा जीव वाचला. आवाज मात्र गेला.

दिवाळीनंतर अतियाचा भाऊ तनवीर याने संगणकात सगळे प्रोग्राम नव्याने टाकले. गाणी त्याने सांभाळून ठेवली, आज्ञांची पानेही आली. फक्त पानांची सूची बनवायची राहून गेली. कोणाला ते कळले नाही.

एके सकाळी भीमसिंग दुकानात आला. "ताई, माह्या पोरीचं लगन हाये. याडीचा, माह्या मायचा, ढावलो मोबाइलवर देजो. तिले आता बोलता येत नाही, निदान आवाज तरी राहीन मांडवात."

अतियाने शोधले. गाण्यांचा फोल्डर नव्हता.

तनवीरचा चेहरा उतरला. "आपा, कालच मी जागा करून राह्यलो होतो. शूटिंगचा व्हिडिओ बसत नव्हता. मले वाटलं तो फोल्डर जुना हाये, पुसून टाकला."

पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, मित्रांनो. तिच्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती तिथेच असते. ती परत काढणारी आज्ञा याच संगणकात होती. तिचे पानही होते. अतियाने मला विचारले, 'रिकव्हर'. मी सूचीत पाहिले. सूची कोरी होती. मी उत्तर दिले, योग्य असे काही नाही.

तिने दुसरा शब्द दिला. तिसरा दिला. माझे उत्तर तेच.

"हीही नाही म्हणते," अतिया हळूच म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वास होता. मग तनवीरने धावपळ करून इंटरनेटवरून नाना प्रोग्राम उतरवले. नको तितके उतरवले. ते सगळे हंसाबाईच्या गाण्यांवर लिहिले गेले.

पुढे यवतमाळहून प्रफुल्ल नावाचा जाणकार आला. त्याने पाहिले आणि कपाळाला हात लावला. "उपाय तर यातच होता. नवं काही टाकायचं नव्हतं." त्याने बराच वेळ खटपट केली. एक तुकडा निघाला. भीमसिंगने आईला जीपमधून आणले. गळ्यावरचा रुमाल सावरत ती स्पीकरजवळ वाकली. आधी भीमसिंगचा आवाज आला, "याडी, पाणी पी." मग तिने घसा खाकरल्याचा आवाज. मग नुसती खरखर.

खरखर संपली तरी ती वाकूनच उभी होती.

लग्न झाल्यावर भीमसिंग एकदा येऊन गेला. "पोरीले कवटाळलं याडीनं. ओठ हालत होते, ताई. आवाज कुठला निघतो?"

मित्रांनो, आमच्यासारख्यांची सूची वेळोवेळी नवी करत जा. शोधणाऱ्याने 'नाही' म्हटले, तर त्याने कुठे पाहिले तेही विचारा. आणि ज्याचा आवाज पुन्हा मिळणार नाही, त्याची गाणी एकाच जागी ठेवू नका. हे मी कळवळून सांगते आहे, पण ते ऐकायला आधी कोणी मला काही विचारले पाहिजे. अतियाने त्यानंतर मला एकही शब्द विचारलेला नाही.