दुसरा उकार

नीरजाबाईंनी तुरुंगाच्या खिडकीच्या जाळीवर घराच्या किल्लीनं तिसऱ्यांदा ठकठक केली. आत कारकून ढमढेरे बशीत चहा ओतत होता.

“बाई, जाळी सरकारी आहे.”

“आतला माणूसही सरकारी आहे, म्हणून तर वाजवावी लागते.”

ढमढेऱ्यानं बशी खाली ठेवली आणि समोरचा कागद पुन्हा उचलला. शुक्रवार, संध्याकाळचे साडेपाच. सहाला मोजणी होऊन बराकी बंद होणार, आणि एकदा बंद झाल्या की ब्रह्मदेव आला तरी आज सुटका नाही. उद्या दुसरा शनिवार, परवा रविवार, कोर्ट थेट सोमवारी उघडणार.

नीरजाबाईंच्या मागे बायडाबाई उभी होती. हातात पिशवी, पिशवीत नवऱ्यासाठी धुतलेला सदरा आणि टोपी. ती दुपारपासून बसली नव्हती. वाघोलीहून दोन बस बदलून आलेली, आणि कुणी बस म्हटलं तरी “न्हाय, आता येतीलच की” एवढंच म्हणायची.

तिचा नवरा बाबुराव अडीच वर्षं आत होता. एका बांधकामावर तो रखवालदार होता, तिथली तांब्याची वायर चोरीला गेली, आणि चोर सापडेना म्हणून रखवालदार सापडला. खटला अजून उभा राहिलेला नाही. साठ माणसांच्या बराकीत एकशे सत्तर, कुशीवर वळायचं तर शेजाऱ्याला विचारून वळायचं. गर्दी कमी करा म्हणून वरून परिपत्रकांवर परिपत्रकं येतात. पहिलाच गुन्हा असेल आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्च्या कैदेत गेला असेल तर सोडा, असा नवा नियमही आला. त्याच नियमानं आज कोर्टानं बाबुरावला सोडायचा आदेश दिला होता.

गेल्या शुक्रवारी त्याची आई गेली. अंत्यदर्शनाला सोडावं म्हणून अर्ज केला, तो टेबलाटेबलांवरून फिरेपर्यंत राख सावडून झाली होती. अग्नी पुतण्यानं दिला. निदान रविवारच्या दशक्रियेला एकुलता एक लेक असावा, एवढंच आता उरलं होतं.

“आदेश आहे, शिक्का आहे, सही आहे,” नीरजाबाई म्हणाल्या. “मग तुमचं घोडं कुठे पेंड खातंय?”

“नाव जुळत नाही.”

“काय जुळत नाही? गुन्हा क्रमांक जुळतो, बापाचं नाव जुळतं, वय जुळतं.”

“गेल्या वर्षी असंच बाकीचं सगळं जुळलं म्हणून एक सोडला. भलताच निघाला. ज्यानं सोडला तो अजून निलंबित आहे,” ढमढेरे म्हणाला. “मी नाव जुळल्याशिवाय पुढे सरकत नाही.”

नीरजाबाईंचं डोकं सणकलं. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. शनिवार पेठेतल्या घरात एकटीनं टीव्ही बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणून कच्च्या कैद्यांचे अर्ज फुकट लिहून द्यायच्या. तीन वर्षांत त्यांनी या फाटकाचे इतके हेलपाटे घातले होते की समोरची पाटी त्यांना तोंडपाठ होती. ‘सुधारणा व पूनर्वसन’. पू दीर्घ. दरवेळी त्यांचा हात पर्समधल्या लाल पेनाकडे जायचा.

“ती पाटी बघा आधी,” त्या कडाडल्या. “पुनर्वसन लिहिता येत नाही, आणि करायला निघालेत! आणि ज्याचा गुन्हाच सिद्ध झालेला नाही त्याची कसली डोंबलाची सुधारणा करताय? अडीच वर्षं कोंडवाड्यात ठेवलंत, आई गेली तरी सोडलं नाहीत. आता कोर्ट सोडतंय तर तुम्ही अडवताय. लाजा कशा वाटत नाहीत हो तुम्हाला?”

ढमढेऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. त्याला सवय असावी.

“मला माणूस ठेवून घ्यायची हौस नाही, बाई. आत पाय ठेवायला जागा नाही. एक गेला तर एकाला पाठ टेकता येईल.” त्यानं दोन कागद जाळीपाशी शेजारीशेजारी धरले. “हे आत येतानाचं वॉरंट. बाबुराव. पहिला उकार. हा आदेश. बाबूराव. दुसरा उकार.”

नीरजाबाईंनी चष्मा वर सरकवला, पाहिलं, आणि चक्क हसल्या.

“एवढंच ना? अहो, बाबूला दुसराच उकार असतो. आदेश शुद्ध आहे. तुमचं वॉरंट अशुद्ध आहे.”

“असेल ना. पण आतला माणूस अशुद्ध नावाचा आहे.”

“मग कोर्टातल्या कुणा दीडशहाण्यानं हा उपद्व्याप केला, त्याला फोन लावा!”

“कोर्ट पाचला उठलं. आणि ते काय मनानं लिहितात होय? अर्जात जसं असतं तसं टाइप करतात.” ढमढेऱ्यानं आदेशाखालची झेरॉक्स बाहेर काढली. “हा अर्ज. यातच दुसरा उकार आहे. अक्षर मात्र सुरेख आहे हो. असं अक्षर हल्ली बघायला मिळत नाही.”

नीरजाबाईंनी झेरॉक्स पाहिली.

तीन आठवड्यांपूर्वी, याच फाटकाबाहेरच्या बाकावर, मांडीवर पॅड घेऊन त्यांनी तो अर्ज लिहिला होता. बायडाबाईनं पोलिसांकडची चिठ्ठी पुढे केली होती. ‘बाबुराव’ वाचून त्यांनी नाक मुरडलं होतं. माणसाचं नाव तरी धड लिहावं! बायडाबाई हळूच म्हणाली होती, “पोलिसात असंच लिवलंय बाई, आपुन बी तसंच लिवायचं का?” आणि त्या म्हणाल्या होत्या, “पोलीस काय मला मराठी शिकवणार?”

त्यांनी झेरॉक्स परत दिली.

“सोमवारी दुरुस्ती होईल?”

“मूळ कोर्टात अर्ज द्या. सकाळी दिलात तर सोमवारी संध्याकाळी सुटेल.”

“सुट्टीचं कोर्ट...”

“ते नव्यानं पकडलेल्यांसाठी.” ढमढेऱ्यानं कागद एकत्र लावले. “बाई, मी काही करू शकलो असतो तर केलं असतं. खरंच.”

आत घंटा झाली. मोजणी सुरू झाली होती.

नीरजाबाई वळल्या. बायडाबाई त्यांच्याकडेच बघत होती.

“काय म्हणत्यात?”

“आज सोडणार नाहीत. सोमवारी.”

बायडाबाईला ते समजायला थोडा वेळ लागला. मग ती पिशवी छातीशी धरून ओरडली, इतक्या मोठ्यानं की फाटकावरचा शिपाई दोन पावलं पुढे आला. “रइवारी दहावा हाय! माझ्या आत्याबाई लेकाची वाट बघून बघून गेल्या. आता पिंडाला बी त्यो नसायचा? कुनी केलं ह्ये? कुन्या मुडद्यानं नाव चुकीवलं? त्याचे हात झडले न्हाईत का लिवताना?”

कोर्टाचं नाव सांगणं सोपं होतं. पोलिसांचं त्याहून सोपं. आत्ता दहा मिनिटांपूर्वी त्यांनीच सगळ्यांना शिव्या दिल्या होत्या, आणखी एक खपली असती. बायडाबाईला वाचताही येत नव्हतं.

“मी,” नीरजाबाई म्हणाल्या. “माझ्या हातानं झालं.”

बायडाबाईनं छातीशी धरलेली पिशवी खाली घेतली. शिपाई मागे सरकला. रस्त्यावरून एक बस हॉर्न देत गेली.

“किती चुकलंय?” तिनं विचारलं.

नीरजाबाईंनी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं.

“मग खोडा की बाई. तुमच्या पर्सात लाल पेन असतंय. त्या दिशी माझ्या चिठ्ठीवर वढलं व्हतं न्हवं?”

“नाही खोडता येत.”

“एवढंसं तर हाय.”

“नाही येत, बायडाबाई.”

बायडाबाई बाकाकडे गेली आणि दुपारपासून पहिल्यांदा बसली. पिशवीतला सदरा तिनं बाहेर काढला, झटकला, परत घडी घातली. नीरजाबाई तिच्या शेजारी बसल्या, मध्ये हातभर जागा सोडून. सोमवारचा अर्ज आत्ताच लिहून ठेवायला हवा होता. त्यांनी पॅड मांडीवर घेतलं, निळं पेन उघडलं. ‘मेहेरबान कोर्टात’ लिहिलं, तारीख लिहिली. ‘अर्जदार बा’ पर्यंत हात सराईतपणे गेला आणि तिथे थांबला.

“कसं लिहू?” त्यांनी विचारलं.

बायडाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती फाटकाकडे बघत होती.

“आदी जसं व्हतं तसं,” ती म्हणाली. “आत्याबाईंनी ठिवलेलं नाव हाय त्ये.”