तेलाचा गुण

"कबुतराची जोडी दोनच अंडी घालते ना? माझ्या जोडीनं चार घातली! जवसाच्या तेलाचा गुण हाय!" सालवडच्या गल्लीत प्रदीप छाती काढून सांगत होता. कारखान्यात रसायनं मोजणाऱ्या हातांनी तो दाण्यात थेंब मोजून तेल कालवायचा. त्या भरवशावर चार घरांना त्यानं पिल्लं कबूलही करून टाकली.

वीस दिवस झाले तरी अंडी फुटेनात. एडवणहून आलेल्या त्याच्या मावशीनं, माईनं, खुराड्यात डोकावलं.

"आरं येड्या, दोनी माद्याच हायत! पिल्लं काय तेलातनं होतील?"

"म्हंजे तेल बरोबर हाय, माई. फक्त नर कमी पडला."

त्यानं बोईसरहून चांगला घुमणारा नर आणला आणि त्यालाही तेच दाणे घातले.

पंधराव्या दिवशी नरानं दोन अंडी घातली.