गुडघे टेकणारी गाडी

मी थापाड्या आहे, हे आमच्या कोचकोर गावातल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे. लांडग्याला पत्त्यांत हरवून त्याची शेपटी जिंकली, हे मीच सांगितलंय. ती शेपटी टोपीला शिवून दोन हिवाळे फिरलोही. त्यामुळे एका गाडीनं माझ्या एकोणपन्नास मेंढ्या खाल्ल्या असं मी म्हणालो, तेव्हा गाव पोट धरधरून हसलं. माझं नशीब असं, की नेमकं तेवढंच खरं होतं.

आमच्यात त्रेसष्टी गाठली की पोरं अताला, म्हणजे बापाला, घोड्यावर बसवतात. सगळ्या गावासमोर नवी म्होरकी हातात देतात, लोक तळवे पसरून दुवा मागतात. असं दिलेलं जनावर विकता येत नाही, परतही करता येत नाही. आपल्या रक्तातल्या कुणाला आपल्या हातानं देता येतं, एवढंच.

माझा एकुलता एक मुलगा एमिलबेक बिश्केकला खिडक्या विकतो. मे महिन्यात तो आला तो काळ्या जर्मन गाडीतून. गाडी कसली, पियानोच! आत पिवळसर कातडं, लाकडाच्या पट्ट्या, आणि दार नुसतं टेकवलं की आपोआप ओढून घेणारं. सुकाणूच्या चाकाला लाल म्होरकी बांधलेली.

"अता, काश्का म्हातारा झाला," तो माझ्या घोड्याकडे बोट करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हा घ्या, दोनशे साठ घोड्यांचा!"

मी रडलो. सामूहिक शेतावर तीस वर्षं ट्रक हाकला, तेव्हा स्प्रिंगा पाठीत घुसायच्या, आणि आता हे!

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर येऊन बघतो, तर गाडी उंटासारखी पुढचे गुडघे टेकून बसलेली. स्प्रिंगांऐवजी तिच्या चाकांवर हवेच्या पिशव्या होत्या, त्यांतली एक फुटली होती. किल्ली फिरवली की घरघर करत उठायची, बंद केली की बसायची. मी गावात सांगितलं, ती नमाज पढते. मुल्लांनी तीन दिवस माझा सलाम घेतला नाही.

एका पिशवीला चार मेंढ्या. मग दुसरी पिशवी. त्या दोघींना फुंकता फुंकता हवेचा पंप जळाला, त्याच्या सात. पाण्याचे पाइप प्लास्टिकचे, दुधाच्या दातांसारखे हातात आले. छताच्या काचेतून पाणी झिरपलं, गालिच्याखालचा गाडीचा संगणकी मेंदू भिजला, आणि सीट तापवायची शेगडी जुलैत पेटली ती विझेना. मी बुडाखाली ओलं पोतं घेऊन गाडी चालवली आहे. वर आत एक बाई बसलेली. ती जर्मनमध्ये सारखं काहीतरी बजावायची.

"ही कोण सटवी?" माझी बायको झूरा म्हणाली.

"अगं, गाडी बोलतेय."

"गाडी आहे तर तुझ्याशीच बरी बोलते! काय म्हणते?"

"म्हणते, अजून एक मेंढी आण."

"एक्केचाळीस वर्षांत माझं एक ऐकलं नाहीस, म्हाताऱ्या. हिचं लगेच ऐकतोस."

एमिलबेकला फोन केला की तो हसायचा. "अता, जर्मन गाडीचे लाड करावेच लागतात. पण इकडे बिश्केकला आणू नका हं, इथले मेकॅनिक चोर. गावातच करून घ्या."

मुलगा बापाचे पैसे वाचवतोय म्हणून मला कोण कौतुक!

ऑक्टोबरमध्ये गाडी गिअर बदलताना लाथ मारायला लागली. गावच्या मेकॅनिकनं त्याआधीच कानाला हात लावले होते, म्हणून त्याला हे सांगितलंच नाही. मग मी कुणालाच न सांगता, झूराला "लोकर विकायला चाललो" अशी थाप मारून, बिश्केक गाठलं. तिथं इस्मार नावाचा एक दुंगान, म्हणजे चिनी वंशाचा मुसलमान, फक्त असल्या गाड्या बघतो असं ऐकलं होतं. त्यानं झाकण उघडलं आणि शिट्टी मारली.

"ही परत आली?"

"परत म्हणजे?"

"हे निळे ठिपके बघा, अता. मी हात लावलेल्या बोल्टवर माझाच रंग. मार्चमध्ये दुसऱ्या गाडीवर लादून आणली होती. मालक फोनवरच बोलला. त्याला एकेक सांगितलं, पिशव्या जातील, पंप जाईल, पाइप जातील, आणि हिवाळ्याआधी गिअरबॉक्स. म्हटलं, विकून मोकळा हो."

"मग?"

"म्हणाला, माहीत असताना घेणार कोण?"

"कोण होता तो?"

"नाव कशाला विचारू? पैसे आले, गाडी गेली."

मी तारखा जुळवून पाहिल्या. एमिलबेकनं तर गाडी एप्रिलच्या शेवटी अल्माटीच्या दलालाकडून घेतली होती. त्यानंच सांगितलं होतं. म्हणजे माझ्या पोरालाच कुणीतरी फसवलं!

"दुसरा गिअरबॉक्स बसवायचा तर?" मी विचारलं.

"मेंढ्या किती उरल्यात?"

"अकरा."

"घोडा आहे?"

चालत्या काश्कावर बसून मी दाढी केलेली आहे, आणि हनुवटीवर एक ओरखडा नाही. ही थाप नव्हे. वस्तरा अजून घरात आहे.

खिंडीतून परत येताना गाडी तिसऱ्याच गिअरमध्ये अडकली. वाटेत मला एका गाढवानं मागं टाकलं आणि वळून पाहिलं. मी मात्र हिशेब पक्का केला होता. पोरगा फसला असेल, तर त्याच्या भेटीची लाज राखायची. काश्का गेला तरी चालेल. नारिन शहरातल्या एका माणसाला रविवारी घोडा बघायला बोलावलं.

पण आयुष्यभर थापा मारलेल्या माणसाला एक खोड असते, तो दुसऱ्याची थाप हुंगून बघतो. शनिवारी एमिलबेकच्या तान्ह्या लेकाला, माझ्या नातवाला, पाळण्यात घालायचं होतं. त्या दिवशी आज्यानं नातवाला घोडा द्यायचा असतो. अंगण भरलेलं, सगळ्यांचे डोळे काश्कावर. मी लाल म्होरकी घेऊन उठलो आणि ती एमिलबेकच्या हातात ठेवली.

"तू बापाला बसवलंस, मी तुझ्या लेकाला बसवतो. गाडी आजच घेऊन जा."

लोकांनी वाहवा केली, तळवे वर केले. मनात म्हणत होतो, बाळा, खूश हो. नाही तर नको म्हण. काहीही म्हण.

एमिलबेक लोकांकडे बघून हसत माझ्या कानाशी वाकला. "अता, त्याआधी गिअरबॉक्स बदलून घेतलात ना?"

गावात एकालाही ठाऊक नव्हतं. झूरालासुद्धा नाही.

"कुठला गिअरबॉक्स, बाळा?"

त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळे तेवढे खाली म्होरकीवर गेले. तेवढ्यात सगळ्यांनी "ओमीन" म्हणून चेहऱ्यावरून तळवे फिरवले, आणि मीही फिरवले. तेवढा वेळ तोंड झाकायला मिळालं.

रविवारी नारिनच्या माणसाला चहा पाजून परत पाठवला. काश्काला खरारा करत होतो, तर झूरा बादली घेऊन आली.

"काल पोरगा जेवलासुद्धा नाही. ताटावरून उठून गेला. काय बोललास त्याला?"

"मी? अगं, बापानं एवढं मोठं वाहन नातवाला दिलं म्हणून त्याचा गळा दाटून आला. घास उतरेना बिचाऱ्याला."

तिनं बादली खाली ठेवली. मग डोक्याच्या रुमालानं डोळे पुसून म्हणाली, "लहानपणापासून असाच हळवा आहे तो."

एक्केचाळीस वर्षांत माझी एकही थाप तिला पटली नव्हती.