मोरीतल्या मुंग्यांचा दाखला

फणसवाडीच्या चौकात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. आदल्या आठवड्यात इथेच संयुक्त महाराष्ट्राची सभा झाली होती. तिलाही आले नव्हते इतके लोक मुंगीमहाराजांच्या दर्शनाला लोटले होते. हे महाराज मधुमेह मुळासकट घालवतात आणि तो गेल्याची साक्ष खुद्द मुंग्या देतात, असा बोलबाला होता.

"प्रयोगशाळा खोटं बोलेल, डॉक्टर खोटं बोलेल," महाराज पाटावरून गरजत होते, "पण मुंगीला कुणी लाच दिलीय? हा अंगारा मोरीत टाका. मुंगी फिरकली नाही की समजा, साखर गेली! गोळ्या मात्र सोडायच्या. एका देहात दोन वैद्य नांदत नाहीत!"

मधुमेह्याच्या लघवीत साखर उतरते आणि मोरीला मुंग्या लागतात, हे गिरगावात सगळ्यांनाच ठाऊक. तेवढ्या एका खऱ्या गोष्टीच्या खुंटीवर महाराजांनी आपलं सगळं दुकान टांगलं होतं.

पहिल्या रांगेत हात जोडून बसलेला गुरुदत्त पाहून त्याच्या धाकट्या बहिणीचं, नलूचं, डोकं फिरलं. नलू मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिचा हा दादा म्हणजे दिल्लीहून आलेली बातमी तीन वर्तमानपत्रांत पडताळल्याशिवाय न मानणारा गृहस्थ, पण महाराजांवर त्याचा चिमूटभर अंगाऱ्याने विश्वास बसला. मोर्चात बूट चावून त्याच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती, ती मधुमेहामुळे भरत नव्हती. नव्याने निघालेल्या गोळ्या रोज घ्या, नाहीतर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गोळ्यांची बाटली त्याने केव्हाच कपाटात ढकलली होती.

"अगं, मोरीत एक मुंगी नाही! बघ डोळ्यांनी," तो म्हणायचा.

"जखम बघतेय मी डोळ्यांनी. ती का भरत नाही?"

"आणि गोळीनं तरी कुठे बरं होतं? म्हणे जन्मभर घ्या! जन्मभर घ्यायचं ते कसलं औषध? महाराज निदान संपवून तरी टाकतात."

नलूला यावर उत्तर सुचलं नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला होता.

मग त्या रविवारी सकाळी घरची मोरी घासताना तिला कोपऱ्यात मेलेल्या मुंग्यांचा ढीग दिसला. शेजारी एक झुरळ उताणं पडलं होतं. झुरळाला काही मधुमेह नव्हता. तिने दादाची अंगाऱ्याची पुडी हुंगली. कापराच्या वासाखाली एक कुबट वास होता. ढेकणांसाठी शाळेच्या बाकांना जी पावडर मारत, तिचाच तो वास.

आता ती गर्दीतून वाट काढत पुढे आली. तिने जमिनीवर गुळाचे दोन खडे ठेवले आणि एकाभोवती अंगाऱ्याचं कडं ओढलं. थोड्या वेळात उघड्या खड्यावर मुंग्यांची रीघ लागली. कड्यातल्या खड्यापर्यंत एकही पोचेना. जी गेली ती कड्यावरच तडफडू लागली.

"महाराज, या गुळातली साखर गेली का हो?" नलूने विचारलं.

लोक हसले. महाराज म्हणाले, "बाई, कृपेची परीक्षा घेऊ नये."

"बरं. बाकीचे अंगारे लोक जिभेवर ठेवतात. हा मोरीतच का? घ्या, तुम्हीच चिमूटभर घ्या."

महाराजांनी हात झटकन मागे घेतला. "आज आमचं मौन आहे," ते मोठ्याने म्हणाले.

"मौन नाही, हे मुंग्यांचं विष आहे!" नलू गर्दीकडे वळली. "यानं मुंगी मरते, साखर नाही. साखर अंगात तशीच राहते आणि पाय सडवते."

महाराज मौनातच मागच्या जिन्याने पसार झाले. तेवढ्यात लालबागहून आलेल्या गंगुबाईंनी विचारलं, "गे बाय, मगे ह्यो अंगारो ढेकणांका चालात काय?"

गुरुदत्त हसला नाही. नलूने त्याला त्याच दुपारी हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी पाय वाचवला, अंगठा मात्र काढावा लागला. काही दिवस लवकर आला असता तर तोही राहिला असता.

घरी आल्यावर काही आठवडे त्याने गोळ्या नेमाने घेतल्या. मग एकदा जेवायला बसताना राजलक्ष्मीने, त्याच्या बायकोने, गोळी पुढे केली, तर तो म्हणाला, "आज अगदी छान वाटतंय. आज नाही घेतली तर चालेल ना?"

"दादा," नलू म्हणाली, "छान वाटतंय ते काल घेतलीस म्हणून."

हेच ते उत्तर, जे तिला तेव्हा सुचलं नव्हतं. वाचकहो, चमत्कार करणारा एका चिमटीत रोग संपवण्याचं वचन देतो, म्हणून तो गोड वाटतो. विज्ञान तसं वचन देत नाही. ते एवढंच सांगतं की आजची गोळी आज घ्या आणि उद्याची उद्या. यात गंमत काही नाही, पण माणूस यानेच आपल्या दोन पायांवर उभा राहतो.

गुरुदत्तने गोळी घेतली आणि राजलक्ष्मीला म्हणाला, "उद्या मी विसरलो तर आठवण कर."